सरोदेसाहेबांचे पंधरा सेकंद

सव्वीस जानेवारीला बोईसरच्या सागरछाया सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलेबी-फाफड्याच्या पुड्या फिरू लागल्या, आणि कोणीही विनंती केलेली नसताना भगवंत सरोदे खुर्चीवर चढले. खाली उभं राहून बोलले असते तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण खुर्चीवर चढलेल्या माणसाला साधं वाक्य बोलता येत नाही.

"मोबाईलचा टॉवर नको, इंटरनेट नको, रिचार्ज तर नकोच नको," ते म्हणाले. "तुमच्या घरातला पंखा जेवढी वीज खातो, त्याच्या निम्म्या विजेवर मी आपल्या गच्चीवरून परदेशात निरोप पोचवून दाखवतो. एका महिन्यात! हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या रेडिओवरून जगाशी बोलायचा, सरकारी परवाना आहे माझ्याकडे."

आता टाळ्या पडायला हव्या होत्या. त्याऐवजी मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, व्हॉट्सॲप आहे की!"

असा हशा पिकला की जिलेबी वाटणाऱ्याचा हात थांबला. सरोदेसाहेब खुर्चीवरून उतरले आणि फाफडा न घेता घरी गेले. फाफडा सोडून जाणारा माणूस किती दुखावला असेल, ते बोईसरमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

त्यांचं दुःख नुसत्या हशाचं नव्हतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी मीटर, गेज आणि व्हॉल्व्ह सांभाळले होते. काहीही अडलं की मोठमोठे इंजिनिअर म्हणत, "सरोदेसाहेबांना बोलवा." गेल्या मे महिन्यात ते निवृत्त झाले, शाल-श्रीफळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. सोसायटीची पाण्याची मोटर बिघडली तेव्हा लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून ती उघडली. तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या सरोदेसाहेबांना विचारलंसुद्धा नाही. मोटर दुरुस्त झाली, हे तर आणखी वाईट. तेव्हा प्रश्न रेडिओचा नव्हताच. शब्द दिला होता, चारचौघांत दिला होता, आणि तो खरा झाला नाही तर 'सरोदेसाहेब' यातला 'साहेब' गळून खाली पडणार होता.

आता त्यांच्या घड्याळाबद्दल सांगितलं पाहिजे. ते घड्याळ म्हणजे त्या घराचं कुलदैवत. यावलहून नोकरीला आले तेव्हा कंपनीची बस बोईसरच्या चित्रालय नाक्यावरून सकाळी सहा दहाला सुटायची, आणि पहिल्याच आठवड्यात भगवंतची ती चुकली. वरच्या साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय सरोदे, खानदेशातलं घड्याळ वेगळं चालतं का?" त्याच संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. पाच मिनिटं का नाही? कारण पाच मिनिटं मन लगेच वजा करतं. दहाही तसंच. सातची वजाबाकी मात्र पहाटे डोळे चोळताना कोणाच्या बापाला जमत नाही, हा त्यांचा स्वतःचा शोध. मग मनगटावरचं, स्वयंपाकघरातलं, मोबाईलमधलं, आणि कॉम्प्युटर घरात आला तेव्हा भिंतीकडे बघून त्याचंही घड्याळ त्यांनी पुढे केलं. कॉम्प्युटर स्वतःच आपली वेळ पुन्हा बरोबर करायचा, तर त्याची ती खोडच बंद करून टाकली. त्यानंतर बस एकदाही चुकली नाही. रत्नाबाई, म्हणजे त्यांची बायको, लग्न होऊन आल्यापासून जगाच्या सात मिनिटं पुढे राहत होत्या आणि त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. बोलायची ती सोमी. सोमी घिवलीची. रोज सकाळी टोपलीत बोंबील-कोळंबी घेऊन यायची, आणि शाकाहारी माहेरातून आलेल्या रत्नाबाईंना बोंबील साफ करायलाही तिनेच शिकवलेलं.

"वैनी, तुमच्या घरात सकाल सात मिनटं आदीच व्हते," ती म्हणायची. "आमाला भरती सांगते कवा उठायचा. तुमाला ह्यो भिंतीवरचा देव सांगतो."

असो. तर परवाना होता, रेडिओ होता, आता हवी होती गच्चीवर तार. आणि तारेसाठी हवी होती सोसायटीची परवानगी. सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकांत तामोरे. निवृत्त पी.टी. शिक्षक, जिल्ह्यातले जुने कबड्डी पंच. गळ्यात शिट्टी नसली तरी आहे असं वाटायचं, आणि खिशात स्टॉपवॉच मात्र खरोखर असायचं. त्यांनी अर्ज उलटसुलट वाचला.

"सरोदे, गच्ची सगळ्यांची. तुमच्याकडे दिल्लीचा परवाना आहे, मान्य. पण जिल्ह्याचं काही पत्र?"

"दिल्लीच्या वर जिल्हा?"

"वर नाही, जवळ. दिल्लीवाले बघायला येणार नाहीत. जिल्हा येईल."

सरोदेसाहेब निमूट पालघरला गेले, तिथून रिक्षाने कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात. तिथल्या एका टेबलामागच्या कारकुनाने त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि मग फार वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाला, "साहेब, असल्या परवानगीचा नमुनाच नाही आमच्याकडे. नमुना नाही तर देऊ काय? आणि देता येत नाही तर नाकारू तरी काय?"

"मग मी सेक्रेटरींना काय दाखवू?"

कारकुनाने थोडा विचार करून त्यांच्या अर्जाच्या झेरॉक्सवर 'आवक'चा गोल शिक्का हाणला. जांभळा, ठसठशीत, किंचित तिरका. कमलाकांतांनी तो शिक्का चष्मा वर करून पाहिला आणि समाधानाने फाईलला लावला. अर्ज पोचला एवढंच तो शिक्का म्हणत होता. पण शिक्का काय म्हणतो ते कोण वाचतं? तो आहे, एवढं पुरतं.

तारेसाठी बांबू दिला सोमीचा नवरा जानू याने. घिवलीच्या किनाऱ्यावर ज्या वलांडीवर बोंबील वाळत घालतात, तिचे दोन जुने बांबू त्याने टेम्पोतून आणले आणि जाळ्याच्या दोरीने गच्चीच्या दोन कोपऱ्यांना असे आवळले, की बिल्डिंग हलली तरी ते हलले नसते. "साहेब, वारा खारा हाय. लोकंड खातो. दोरी नाय खात," तो म्हणाला. मधे तांब्याची तार ताणली गेली. सरोदेसाहेब खाली उतरून तिच्याकडे मान वर करून दहा मिनिटं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर तारेवर दोन चादरी, एक परकर आणि कोणाच्या तरी नातवाचे अकरा लंगोट. त्यांनी पाटी लावली: 'ही आंतरराष्ट्रीय तार आहे.' त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटीही एका चिमट्याने तारेला लावलेली सापडली.

पहिले दहा दिवस ते माईकवर बोलले. दार लावून, घसा खाकरून, "सीक्यू, सीक्यू," म्हणजे 'कोणी आहे का?' अशी हाक. उत्तर एकदाच आलं, खालच्या भाजीवाल्याचं. इन्व्हर्टर, कारखाने, वॉशिंग मशिनं यांच्या खरखरीत माणसाचा आवाज बुडून जात होता. तेव्हा पालघरच्या मेहुलने फोनवर सल्ला दिला. मेहुलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, पण त्याचा हॅमचा परवाना दहा वर्षं जुना. सरोदेसाहेबांच्या निम्म्या वयाचा असून ते त्याला 'मेहुलभाई' म्हणायचे.

"अंकल, बोलू नका. डिजिटल करा. कॉम्प्युटर टाईप करणार, रेडिओ बारीक शिट्टी घालणार. खरखरीच्या खाली दबलेली शिट्टीसुद्धा समोरचा कॉम्प्युटर वाचतो. पंधरा सेकंद तुम्ही, पंधरा सेकंद समोरचा. सगळ्या जगाचे पंधरा सेकंद एकदम सुरू होतात, एकदम संपतात. पंगत समजा. सगळे एकदम बसतात, एकदम उठतात."

सरोदेसाहेबांना हे फार आवडलं. न बोलता, शिस्तीत, वेळेवर! हा तर आपल्याचसाठी काढलेला प्रकार. रेडिओ आणि कॉम्प्युटरमधली वायर मेहुलने कुरिअरने पाठवली, ती दोनदा उलटी लागली, तिसऱ्यांदा सुलटी लागली, आणि पडद्यावर निळ्या पाण्यासारखं काहीतरी खाली वाहू लागलं. त्यात पिवळ्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे कुठल्या तरी देशातला एक माणूस. रेडिओतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण येत होती.

"रत्ना, हे बघ! सगळं जग आलंय!"

"बसायला सांगा," रत्नाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

पण जग बसेना. पिवळ्या रेघा दिसायच्या, गुणगुण ऐकू यायची, आणि पडद्याच्या ज्या चौकोनात त्यांची अक्षरं उमटायला हवीत तो चौकोन पांढरा फटक. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. सरोदेसाहेब हाक मारत राहिले, सकाळ-दुपार, प्रत्येक हाक वेळेसकट वहीत सेकंदापर्यंत लिहीत राहिले. एकतीस वर्षांची सवय. उत्तराचा रकाना कोरा.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्यांचं मत पडलं की खाऱ्या हवेने लहरी गंजतात. कोणी म्हणालं तार पूर्व-पश्चिम आहे, ती दक्षिणोत्तर हवी. माणूस झोपतो तशी नको. कोणी लिंबू-मिरची सुचवली, आणि सरोदेसाहेबांचा संताप बघूनही दुसऱ्या दिवशी बांबूला बांधून टाकली. तार फिरवली, वाढवली, कापली, पुन्हा जोडली. शेवटी ते नाक मुठीत धरून मेहुलकडे वळले.

"अंकल, घड्याळ बरोबर आहे ना?" मेहुलने पहिलाच प्रश्न विचारला.

सरोदेसाहेबांना तो प्रश्न असा लागला, जसा एखाद्या आचाऱ्याला 'हात धुतले का?' हा लागावा.

"मेहुलभाई," ते थंडपणे म्हणाले, "एकतीस वर्षांत माझं घड्याळ एकदाही मागे पडलेलं नाही." आणि हे अक्षरशः खरं होतं.

"सॉरी अंकल. मग केबल बदलून बघा."

केबल बदलली. आणि केबल बदलताना रेडिओची ताकदही थोडी वाढवली. इथून शेजारच्या बेलचं प्रकरण सुरू होतं.

शेजारच्या दारात हिना आणि दर्पण राहायचे. दर्पण वीज प्रकल्पात पाळीने कामाला. रात्रपाळी करून आला की सकाळी साडेनऊला झोपायचा. त्यांच्या दाराची बेल नवी, बिनतारी, आरतीची धून वाजवणारी. सोमवारी ती आपोआप वाजली. दर्पणने उठून दार उघडलं. कोणी नाही. पंधरा सेकंद गेले, पुन्हा आरती. पुन्हा कोणी नाही. अकरा वेळा त्याने दार उघडलं. बाराव्या वेळी तो दारातच खुर्ची टाकून बसला, आणि कोणीही समोर नसताना डोळ्यांदेखत आरती सुरू झाली तेव्हा त्याने नकळत हात जोडले.

हिनाने मात्र बांबूकडे पाहिलं आणि थेट कमलाकांतांकडे गेली. "सर, सरोदेकाकांची तार लागल्यापासून आमच्याकडे देव सारखा येतोय."

कमलाकांत पंच होते. पुराव्याशिवाय शिट्टी वाजवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते तीन दिवस हिनाच्या दारात स्टॉपवॉच आणि मोबाईल घेऊन बसले, आणि बेल वाजली रे वाजली की सेकंदासकट वहीत नोंद करत राहिले. चौथ्या दिवशी सरोदेसाहेबांच्या दाराखालून नोटीस सरकली: रविवारी सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये सभा, विषय, गच्चीवरील तार व बांबू उतरवणे.

नोटीस वाचून सरोदेसाहेब जेवले नाहीत. महिना संपायला तीन दिवस राहिले होते. तार उतरली की शब्द गेला. रत्नाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "एवढं का लावून घेताय हो? लोक विसरलेसुद्धा असतील."

"लोक विसरले तेच तर दुखतंय, रत्ना," ते म्हणाले.

मग त्यांनी आपली वही उघडली. बेल वाजते तेव्हा आपला रेडिओ बंद असतो, हे सिद्ध झालं तर? वहीत प्रत्येक हाकेची वेळ होती. त्यांचा चेहरा उजळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण अवलक्षण होईपर्यंत हात दाखवणाऱ्याला मजाच वाटत असते.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. झेंडावंदनाला नव्हती एवढी गर्दी. सोमीही टोपली खाली ठेवून फाटकाशी बसली होती, कारण गिऱ्हाईक सगळं सभेत. कमलाकांत उभे राहिले.

"मंगळवार. दहा वाजून दोन मिनिटं चोवीस सेकंद, बेल. पंधरा सेकंद वाजली. दहा दोन चोपन्न, बेल. दहा तीन चोवीस, बेल. दर तीस सेकंदांनी एक. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची असते, म्हणून माझ्या चटकन लक्षात आलं."

सरोदेसाहेब उठले. शर्ट इस्त्रीचा होता. "मंगळवारी दहा वाजून दोन मिनिटांनी माझा रेडिओ बंद होता. मी देवाला फुलं वाहत होतो. ही माझी वही. पहिली हाक दहा वाजून नऊ मिनिटं तीस सेकंदांनी! मग दहा दहा शून्य, मग दहा दहा तीस. कुठे तुमची बेल आणि कुठे मी?"

सभेत कुजबुज झाली. कमलाकांतांनी पान उलटलं. "बुधवार, अकरा पंधरा नऊ सेकंद."

"चूक! अकरा बावीस पंधरा!"

"गुरुवार, दुपारी चार बत्तीस चोपन्न."

"साफ चूक! चार चाळीस शून्य! तामोरेसर, एकदाही, एकदाही जुळत नाही!" सरोदेसाहेबांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. रत्नाबाईंनी मात्र पदर तोंडाशी नेला होता.

तेवढ्यात डोळे तारवटलेला दर्पण जांभई आवरत बोलला. प्रकल्पात रोज आकड्यांचे तक्ते भरणारा माणूस तो. "काका, जुळत नाही ते खरं. पण सारखंच जुळत नाही. दरवेळी फरक तेवढाच आहे. सात मिनिटं सहा सेकंद."

मग फाटकाशी सोमी उठली, कमरेवर हात ठेवून.

"अवो, मंग तो त्यांचाच घड्याल हाय! सगल्या बिल्डिंगला ठाव हाय, साहेबांचा घड्याल सात मिनटं पुडं. त्यांना नाय ठाव का काय?"

हशाचा असा लोट आला की सव्वीस जानेवारीचा हशा त्यापुढे काहीच नाही. सरोदेसाहेब उभेच. गुन्हा त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, त्यांच्या स्वतःच्या वहीत सिद्ध झाला होता. कमलाकांत 'तार उतरवण्याचा ठराव' असं म्हणतही होते. पण सरोदेसाहेबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या कानात मेहुलचं वाक्य घुमत होतं: सगळ्या जगाचे पंधरा सेकंद एकदम सुरू होतात.

सात मिनिटांनी बिघडत नव्हतं. सात मिनिटांत पंधरा सेकंदांच्या पुऱ्या अठ्ठावीस पंगती बसून उठतात. एक पंगत काय, अठ्ठावीस पंगती पुढे गेलं तरी बसायची वेळ तीच. पण भिंतीकडे बघून डोळ्यांनी लावलेल्या त्या घड्याळात सातावर सहा सेकंद जास्त होते. जग जेवायला बसायच्या सहा सेकंद आधीच हे आपले ताटावर बसत होते, आणि वाढपी येईपर्यंत उठून जात होते. काखेत कळसा आणि गच्चीला वळसा!

"थांबा!" ते ओरडले. कारखान्यात वाफेचा व्हॉल्व्ह उडाला तेव्हा ओरडले होते तसे. "ठराव पाच मिनिटं थांबवा. वर चला. सगळे चला!"

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण सभाच्या सभा जिना चढू लागली. सरोदेसाहेबांच्या हॉलमध्ये बावीस माणसं, दारात सोमी, जिन्यात उरलेले. त्यांनी कॉम्प्युटरच्या घड्याळावर बाण नेला. 'वेळ आपोआप लावा.' एक टिचकी. आणि बोट थांबलं.

एकतीस वर्षं ती सात मिनिटं त्यांच्याजवळ होती. सगळ्यांसमोर झालेला तो एक अपमान, आणि त्यानंतर कधीही न झालेला दुसरा. बावीस माणसं मागे उभी, आणि त्या माणसाचं बोट उतरेना.

रत्नाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. "करा हो," त्या हळूच म्हणाल्या. "बस गेली आता. आणि मी आल्यापासून तुम्हाला घेतल्याशिवाय ती एकदाही गेली नाही."

बोट खाली आलं. घड्याळ एकदम मागे सरकलं. पंधरा सेकंद काही झालं नाही. आणि मग तो इतके दिवस पांढरा राहिलेला चौकोन भराभर भरू लागला. इंडोनेशिया. रशिया. जपान. ऑस्ट्रेलिया. पुन्हा जपान. ओळीखाली ओळ, बदाबदा, जाळ्यातून मासळी होडीत पडावी तशी.

"आयचा घो!" जिन्यातून कोणीतरी म्हणालं, आणि कमलाकांतसरांनी त्याला दम दिला नाही.

सरोदेसाहेबांनी हाकेचं बटण दाबलं. त्याच क्षणी शेजारून आरती सुरू झाली. "अकरा बेचाळीस शून्य!" कमलाकांत मोबाईलवर वेळ बघून स्टॉपवॉच उंचावत गरजले. कारण दरम्यान त्यांच्यातला पंच जागा झाला होता आणि सामना कोणाविरुद्ध आहे हे ते पार विसरले होते. बेल थांबली. सगळे पडद्याकडे बघू लागले. चौदा, पंधरा...

लाल ओळ उमटली. त्यात सरोदेसाहेबांच्या परवान्यावरचं नाव होतं, आणि पुढे एका जपानी माणसाचं.

"आलं! चढाई यशस्वी!" कमलाकांत ओरडले. बेल पुन्हा वाजली: अकरा बेचाळीस तीस, त्याची शिट्टी इथे किती जोरात पोचली याचा आपला आकडा तिकडे. जपानचा आकडा इकडे. बेल पुन्हा वाजली: मिळाला. आणि शेवटी सगळ्या जगातले हॅम निरोप घेताना पाठवतात तो त्र्याहत्तरचा आकडा, म्हणजे शुभेच्छा. हिना स्वतःच्या दारातून ओरडत होती, "वाजतेय, काका, वाजतेय!" आणि ज्याची झोप आठवडाभर उडाली होती तो दर्पण टाळ्या वाजवत होता.

सरोदेसाहेबांनी वही ओढली. उत्तराच्या कोऱ्या रकान्यात पहिलं अक्षर लिहिलं. त्यांना अभिमान वाटला, आणि तो त्यांनी लपवला नाही. चष्मा काढून सगळ्यांसमोर डोळे पुसले. कमलाकांतांनी तिथेच सोफ्याच्या हातावर बसून सभेच्या रजिस्टरातला 'तार उतरवणे' हा विषय खोडला आणि खाली लिहिलं: 'अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आपल्या सोसायटीतून जपानला निरोप पोचला. पंच म्हणून मी हजर होतो.' सूचक हिना, अनुमोदक दर्पण.

पुढच्या आठवड्यात मेहुलने पाठवलेल्या, भरकटलेल्या लहरी अडवणाऱ्या काळ्या कड्या वायरींवर चढवल्यावर आरती बंद झाली आणि दर्पण घोरू लागला. तरी हिना जिन्यात भेटली की विचारते, "काय काका, आज जपान नाही का?" आणि परवा लिफ्ट अडकली तेव्हा चौथ्या मजल्यावरून स्पष्ट ऐकू आलं, "अरे, व्हिडिओ काय बघता? सरोदेसाहेबांना बोलवा!" ते मुद्दाम थोडे सावकाश गेले.

दीड महिन्याने टपालाने कार्ड आलं. जपानी गृहस्थांनी भेटीची पोच म्हणून पाठवलेलं. त्यावर जगाच्या वेळेत लिहिलं होतं सहा बारा. साडेपाच तास मिळवले की अकरा बेचाळीस. कमलाकांत रजिस्टर काखेत मारून धावत आले, आणि दोघांनी बोट ठेवून ताडून पाहिलं. समुद्रापलीकडच्या माणसाच्या वहीत आणि सागरछायेच्या रजिस्टरात एका मिनिटाचाही फरक नव्हता. तेव्हापासून कार्डाला कोणी हात लावलेला सरोदेसाहेबांना चालेना. लांबून बघा, म्हणायचे.

सोमी आली तेव्हा मात्र तिने टोपली ठेवली, हात पदराला पुसले आणि कार्ड सरळ उचललं. कार्डावर त्या माणसाच्या गावाचा फोटो होता. किनारा, बांबूंची रांग, बांबूंवर वाळत घातलेली मासळी, आणि खाली डोक्याला फडकं बांधलेली एक बाई.

"वैनी, बगा!" सोमीचा आवाज चढला. "ही तं आमची वलांडी! ही बाय आमच्यासारकीच मासली वालवते! आणि इकडं वर आमचाच बांबू! साहेब, म्हंजे आमच्या बांबूवरना त्यांच्या बांबूवर गेला?"

सरोदेसाहेबांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला, मग सोमीकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "तसंच गेलं."

"मना देता ह्यो एक दिस? जानूला दाकवते. सगल्या घिवलीला दाकवते."

मग सरोदेसाहेबांनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, वरून रबर लावलं, आणि स्वतःच्या हाताने तिच्या टोपलीत कोरड्या बाजूला ठेवलं.

"उद्या आणून दे. सकाळी सातला."

सोमी दारात थबकली. "कुटल्या सातला, साहेब? तुमच्या का आमच्या?"

सरोदेसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून रत्नाबाईच म्हणाल्या, "ये गं सावकाश. आता आमच्याकडेही तेच सात वाजतात."